खेलून रायली न?

दोन वर्षांचं मूल म्हणजे पाय फुटलेला भूकंप. ज्यांना ही अतिशयोक्ती वाटते त्यांनी एक रविवार आमच्याकडे काढावा. गेल्या आठवड्यातलं नुकसान सांगतो : टीव्हीचा रिमोट बादलीत, बायकोच्या ऑफिसच्या बॅगेत अर्धी पोळी, माझ्या बुटात भिजवलेले हरभरे आणि घरमालकांच्या कोंबडीमागे धावताना फुटलेला एक गुडघा. (मनूचा. कोंबडी सुखरूप आहे.)

बँकेतल्या बदलीने आम्ही दीड वर्षापूर्वी गडचिरोलीत आलो. बदलीची ऑर्डर निघाली तेव्हा पुण्यातल्या मित्रमंडळींचा पहिला शब्द होता, ‘बाप रे!’ दुसरा प्रश्न, ‘तिथे लहान मुलीचं कसं करणार?’ ना मॉल, ना प्ले-झोन. मनूला मात्र यातलं काही अडत नाही. तिचा प्ले-झोन सकाळी सहाला उघडतो. भाड्याच्या घराचं मोठ्ठं अंगण, एक आंब्याचं झाड, पाच कोंबड्या आणि मार्च-एप्रिलमध्ये शेजारी वाळत घातलेली मोहफुलं. त्यातलं एक तरी तोंडात गेल्याशिवाय बाईसाहेबांचा दिवस सुरू होत नाही. मे महिन्यात दहानंतर बाहेर पाऊल टाकणं अशक्य, मग तोच धुमाकूळ दोन खोल्यांत! डेडलाइन, टार्गेट वगैरे शब्द मी ऑफिसात फार गंभीरपणे वापरतो. घरी आलो की टार्गेट एकच, साडेनऊच्या आत झोपवणे. सहसा मीच आधी झोपतो.

रविवारच्या व्हिडिओ कॉलवर पुण्याहून प्रश्नपत्रिका ठरलेली असते. किती शब्द बोलते? रंग ओळखते का? एबीसीडी येते? अमक्याची मुलगी तर दीड वर्षाची असल्यापासून वीसपर्यंत मोजते म्हणे! इथे शेजारच्या आजींचा रोज सकाळी कुंपणावरून एकच प्रश्न असतो, ‘साहेब, पोट्टी खेलून रायली न जी?’ हो म्हटलं की त्यांचं समाधान. रंगबिंग, आकडेबिकडे काही नाही.

वरवर हा ‘काय, बरंय ना?’ इतकाच साधा प्रश्न. पण आजींना सात मुलं झाली आणि नावं त्या चौघांचीच घेतात. बाकीच्या तिघांबद्दल एकदाच बोलल्या, तेही भाजी निवडता निवडता. ‘खेलाच्या वयाले आलेच नाई जी.’

हा जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपूरमधून वेगळा झाला. १९८६ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग इथे कामाला आले. त्यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावोगाव नोंदी ठेवल्या, तेव्हा १९८८ मध्ये त्या गावांत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२१ बाळं पहिल्या वाढदिवसाआधी जात होती. न्यूमोनिया हे त्याचं एक मोठं कारण. दवाखाना दूर, पावसात तर वाटच बंद. आजही पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. म्हणून त्यांनी गावातल्याच माणसांना शिकवलं. न्यूमोनिया ओळखायचा तर बाळाचे श्वास मोजायचे. पण ज्या सुईणींना साठपर्यंत मोजता येत नाही त्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी साधं उपकरण बनवलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेवर मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया समजून औषध सुरू! पुढे नवजात बाळाची घरीच काळजी घेण्याचं काम गावातल्या बायकांनीच केलं. २००३ पर्यंत त्या गावांतला १२१ चा आकडा ३० च्या आसपास आला होता. २०११ पासून ही पद्धत देशभरातल्या आशाताईंपर्यंत गेली. बाळंतिणीच्या घरी ४२ दिवसांपर्यंत त्या फेऱ्या मारतात, त्याचं मूळ इथल्या खेड्यांत आहे.

हे सगळं मला वाचून माहीत होतं. कळलं ते मागच्या सप्टेंबरमध्ये. बाहेर धो-धो पाऊस, रात्री दीड वाजता मनूचा ताप १०२, छातीत खरखर. भूकंप एकदम गप्प! घरात इतकी शांतता मी दीड वर्षांत ऐकली नव्हती आणि ती अजिबात नको होती. बायकोने मोबाइलवर एक मिनिट लावलं, मी झोपलेल्या मनूच्या पोटावर नजर ठेवून मोजायला लागलो. चौतीस. पुन्हा मोजलं. छत्तीस. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास शांत असताना मिनिटाला चाळीस किंवा जास्त असेल तर धोका. (दोन महिने ते एक वर्ष असेल तर पन्नास, त्याहून लहान बाळाला साठ.) श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, मूल काही पीतच नसेल किंवा उठवूनही नीट जागं होत नसेल, तर मोजत न बसता थेट दवाखाना गाठायचा. आमची छत्तीसवर होती आणि हाक मारल्यावर डोळे उघडून पाणी प्याली. सकाळी डॉक्टरांनी आधी बोट टोचून मलेरिया तपासला. या जिल्ह्यात तापाला ते लागतंच. निगेटिव्ह. व्हायरल निघाला. त्यांनी औषध लिहून दिलं आणि जाताना म्हणाले, ‘ताप उतरल्यावर खेळते का, ते बघा.’ आजींचाच प्रश्न, फक्त शुद्ध मराठीत!

तिसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरातून डबा पडल्याचा आवाज आला. जाऊन बघतो तर फरशीभर पोहे आणि मधोमध मनू. बायको ओरडणार तेवढ्यात तिला हसूच फुटलं. ‘राहू दे, मी झाडते,’ म्हणाली. कुंपणापलीकडून आजींनी आवाज ऐकलाच होता. ‘आता बेस झाली पोट्टी!’ त्यांनी निदान करून टाकलं.

तेव्हा मंडळी, संध्याकाळी दमून घरी जाल, सोफ्यावर क्रेयॉनची चित्रं असतील, चार्जर फ्लॉवरपॉटमध्ये असेल, तर जरूर चिडा. चिडण्याचा आपला हक्क कोणी काढून घेतलेला नाही. फक्त आईबाबांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पुढच्या वेळी कोणी विचारलं, ‘तुमचं मूल काय काय करतं?’ तर आकडे आणि रंगांच्या आधी एक गोष्ट अभिमानाने लिहा. खेळतं!