छप्पर कुणी गळू दिलं?

मे २०२४. मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर आर्सेनलविरुद्धचा सामना हरून झाला, पाऊस कोसळला आणि छपरातून पाण्याची धार थेट प्रेक्षकांच्या खुर्च्यांवर पडू लागली. पुढच्या हंगामात मँचेस्टर युनायटेड लीगमध्ये पंधरावा आला.

दोष कुणाचा? चाहत्यांचा एक गट बोट दाखवतो ग्लेझर कुटुंबाकडे : २००५मध्ये कर्ज काढून क्लब घेतला आणि ते कर्ज क्लबच्याच माथी मारलं. दुसरा गट म्हणतो, खेळाडूंवर कमी पैसा ओतला का? नाचता येईना, अंगण वाकडं! तिसऱ्याला दर वेळी प्रशिक्षकच नकोसा होतो. मोयेस, व्हॅन गाल, मोरिन्हो, सोल्शायर, टेन हाग... सगळ्यांना नारळ मिळाला, दुखणं तसंच राहिलं.

गंमत अशी, की याच मालकांच्या काळात प्रशिक्षक फर्ग्युसननी पाच लीग विजेतेपदं जिंकली. म्हणजे मालक निर्दोष? नव्हे. एका माणसाच्या कर्तबगारीनं भोकं झाकली होती. २०१३मध्ये तो निवृत्त झाला आणि पाऊस आत आला.

प्रशिक्षक बदलणं म्हणजे गळतीखाली नवी बादली ठेवणं. छपरावर कोण चढणार, हे चाहत्यांनी विचारत राहावं.