फवारणीआधी मोजणी

मालवण-देवगडकडे कलमांना मोहोर आला की घराघरांत एकच बोलणे सुरू होते: पंप कधी काढायचा आणि औषध कोणते आणायचे? बागेत कीड कोणती आहे आणि किती आहे, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. वर्षभराची रोजी ज्या झाडांवर आहे, त्यांच्याविषयी हा प्रश्न आधी विचारायला हवा, असे आम्हांला वाटते.

१ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंबा घेणे थांबवले. वांगी, अळू, कारली आणि पडवळही त्या बंदीत होती. आदल्या वर्षी भारतातून गेलेल्या फळे-भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशी आणि इतर किडी सापडल्या होत्या. ऐन हंगामातली ही बंदी आंब्यावरून उठली ती जानेवारी २०१५ मध्ये.

फळमाशीची मादी सालीला बारीक छिद्र पाडून आत अंडी घालते. फळ वरून देखणे दिसते, कापल्यावर आत अळ्या निघतात. फळ पाहून कळत नाही, म्हणून माशीच मोजावी लागते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा इथे कामी येतो. त्यातल्या मिथाइल युजेनॉलच्या वासाने नर माश्या आत येऊन मरतात. दर जुम्याला सापळा उघडावा, माश्या मोजून वहीत लिहाव्यात. आकडा चढू लागला की गळलेली, किडकी फळे रोज गोळा करून खोल पुरावीत.

पण सापळा फक्त फळमाशीची खबर देतो. तुडतुड्यांसाठी झाडापाशीच जावे लागते. दर वेळी तीच दहा झाडे घ्यावीत आणि प्रत्येकाच्या चारही बाजूंचा एकेक मोहोर पाहावा. पानांवर चिकटा आणि काळी बुरशी दिसेपर्यंत थांबलो तर उशीर झालेला असतो. कोळी आणि ढालकिडेही मोजावेत, कारण ते आपल्या बाजूचे आहेत. अंदाजाने मारलेल्या औषधात तेही मरतात, परागीकरण करणाऱ्या माश्याही मरतात आणि पंप पाठीवर घेणाऱ्याच्या छातीत तेच औषध जाते.

शासनही हेच करते. २००८ मध्ये सोयाबीनवर अळ्यांनी हाहाकार माजवल्यावर २००९-१० पासून राज्यात ‘क्रॉपसॅप’ सुरू झाले. ठरावीक शेतांत नियमित किडी मोजायच्या आणि त्यावरून शेतकऱ्यांना सल्ला द्यायचा, अशी ही योजना आहे.

घरच्या बागेची वही मुलीच्या हाती द्या. मराठीत लिहो वा उर्दूत, आकडे खरे हवेत. संख्या वाढली तर वही घेऊन कृषी सहायकांकडे जावे. आणि ‘अब्बा, या आठवड्यात तुडतुडे कमी आहेत’ असे तिने सांगितले, तर त्या दिवशी पंप काढण्यापूर्वी तिची वही नीट पाहावी.