मशीनला कर्ज, पाकिटाला भाचा

कोल्हापूरचा उद्योजक मशीनसाठी बँकेचे उंबरे झिजवतो. पाकिटाचं डिझाइन मात्र भाच्याकडून फुकटात करून घेतो. भाचा मोबाइलवर वाढदिवसाचे फ्लेक्स झकास करतो, मग मसाल्याचं पाकीट काय अवघड?

पॅकिंगची डिझाइनं हा माझा धंदा. येणाऱ्यांतले निम्मे खिशातून एखाद्या नावाजलेल्या कंपनीचं पाकीट काढतात. "भावा, अगदी असंच पाहिजे, फक्त नाव आपलं टाक." ही चोरी आहे, हे त्यांच्या गावीही नसतं. 1999च्या ट्रेडमार्क कायद्यात चिन्हाच्या व्याख्येत वेष्टन आणि रंगांची जुळणीसुद्धा येते. वकिलाची नोटीस आली की मग हेच लोक धावत येतात.

उरलेल्या निम्म्यांची फर्माईश ठरलेली. लाल रंग, मिरची, अंबाबाईचं देऊळ, पैलवान आणि वर 'अस्सल कोल्हापुरी'. सगळेच अस्सल, मग नकली विकतं कोण?

गुळाचं बघा. शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली, गुळाच्या व्यापाराला बळ दिलं. 2014 मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. एवढी पुण्याई पाठीशी, आणि मुंबईच्या दुकानात आपली भेली दिसते कशी? प्लास्टिकात गुंडाळलेली, वर उसाचं चित्र असलेली चिठ्ठी. शेजारी परराज्यातला गूळ त्याच वेषात 'कोल्हापुरी' म्हणून बसलेला. गिऱ्हाइकानं ओळखायचं कशावरून? मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून पाकिटावर तसं ठळक सांगता येतं. त्याला आपल्याकडे वेळ नाही, भेसळीच्या नावानं बोंब मारायला आहे.

चपलांची तीच तऱ्हा. जून 2025 मध्ये प्रादा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानमध्ये कोल्हापुरी वळणाच्या चपला कोल्हापूरचं नाव न घेता दाखवल्या, तेव्हा आपण पेटून उठलो. रास्तच होतं. पण आपल्या चप्पल लाइनीत हातानं शिवलेला जोड पातळ पिशवीत कोंबून मिळतो, त्या पिशवीवर कारागिराचं नाव कुठं असतं? बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी याच गावात आपल्या सिनेमांची पोस्टरं रंगवली. तिथं 'चित्राला कसले पैसे?' असं विचारताना जीभ अडखळायला हवी.

आणि चोख व्यवहाराचा एवढा तोरा, तर हिशेब तरी नीट करा. पाउचच्या छपाईत प्रत्येक रंगाचा सिलिंडर वेगळा. निव्वळ वजनाचे आकडे नियमापेक्षा बारीक पडले, चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक चुकला, शाकाहाराचा हिरवा ठिपका राहिला, की सिलिंडर पुन्हा करा आणि छापलेला माल रद्दीत घाला. डिझायनरची वाचवलेली फी तिथं व्याजासकट जाते.

आमच्या धंद्यातही इंटरनेटवरची तयार चित्रं चिकटवून बिल लावणारे आहेत. त्यांना हाकला. डिझायनर निवडताना त्याची जुनी कामं दुकानाच्या फळीवर जाऊन बघा. त्याला गुऱ्हाळावर न्या, कांडपात उभं करा, माल कुणाला विकायचा ते सांगा. काम आणि मोबदला लेखी ठरवा, निम्मे पैसे आगाऊ द्या. एवढंही परवडत नसेल, तर पाकिटावर 'कोल्हापुरी' छापू नका. ते नाव तुम्ही कमावलेलं नाही.