घरातल्या मांजरालाही लस हवीच



‘मांजर घराबाहेर जातच नाही, मग लशींचा खर्च कशाला?’ हा गेल्या अंकातल्या पत्रलेखकांचा सवाल वाचला. मांजर जात नाही, पण आपल्या चपला जातात ना! पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू भलताच चिवट. तो तळव्यांना चिकटून घरात येतो आणि महिनोन्‌महिने टिकतो. नेहमीच्या फरशी पुसण्याने जात नाही, ब्लीच लागते. पिल्लाला 6 ते 8 आठवड्यांपासून 16व्या आठवड्यापर्यंत पुन्हापुन्हा डोस द्यावे लागतात, कारण आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती सुरुवातीचा डोस निष्प्रभ करू शकते. रेबीजबद्दल तर वाद नकोच. लक्षणे दिसल्यावर हातात काही उरत नाही.

खर्चाची तक्रार रास्त आहे. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी चौकशी करावी. पण कुत्र्याचे गोचिडांचे औषध ‘थोडेसे मांजरालाही’ लावण्याची त्या पत्रलेखकांची काटकसर जिवावर बेतणारी आहे. अशा अनेक औषधांत पर्मेथ्रिन असते. कुत्र्याला ते चालते, मांजराला मात्र झटके येतात. तापावर दिलेली पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही तितकीच घातक. वेष्टनावरची बारीक अक्षरे, हवे तर भिंग घेऊन, पण वाचावीत.

— एक मांजरपालक, डोंबिवली