कंत्राटातील मुदत आणि कालव्यातील पाणी

मे २०२५ च्या अखेरच्या आठवड्यात बारामती आणि इंदापूर तालुक्यांना पावसाने झोडपून काढले आणि पिंपळीनजीक नीरा डाव्या कालव्याचा भराव फुटला. पाणी शेतांत आणि वस्त्यांत शिरले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या धाडाव्या लागल्या. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर उभा राहिलेला आणि १८८० च्या दशकात वाहू लागलेला हा कालवा या दोन तालुक्यांच्या बागायतीचा कणा आहे. त्याचे भराव, मोऱ्या आणि वितरिका यांच्या दुरुस्तीची कामे पुढील अनेक वर्षे निघत राहतील, हे उघड आहे. त्यांवर किती कोटी खर्च होणार याची चर्चा होईल. ती कामे ज्या करारान्वये दिली जातील, त्या कराराची चर्चा मात्र सहसा होत नाही. वस्तुतः सार्वजनिक बांधकामाचे भवितव्य पुष्कळदा पहिली कुदळ पडण्यापूर्वीच, निविदेच्या कागदावर ठरून गेलेले असते.

कालव्यात काम करावयाचे तर कालवा कोरडा हवा. आवर्तन चालू असता आतल्या बाजूस हात लावता येत नाही आणि पावसाळ्यात भरावाची माती नीट दबत नाही. म्हणजे कामाचे खरे दिवस दोन आवर्तनांमधील खंडांपुरतेच उरतात. उभा ऊस वाळू लागला की शेतकरी पाणी मागणार, आणि तो ते मागतो यात त्याची चूक नाही. निविदेत मात्र 'कार्यारंभ आदेशापासून बारा महिने' अशी सरसकट मुदत लिहिली जाते. कराराचे पंचांग निराळे आणि पाण्याचे निराळे, अशा स्थितीत काम रखडले तर तो अपघात मानता येत नाही. तो करारातच पेरलेला असतो.

याचा एक बोलका दाखला महाराष्ट्राच्याच पाटबंधाऱ्यांच्या इतिहासात आहे. नाशिक डाव्या कालव्यासाठी आळंदी नदीवर जलसेतू बांधण्याचे काम जुलै १९५५ मध्ये, म्हणजे ऐन पावसाळ्यात, एका कंत्राटदाराकडे सोपविण्यात आले. मुदत बारा महिन्यांची होती. पाऊस आणि कामाच्या जागेपर्यंत धड रस्ता नसणे, या अडचणी कंत्राटदाराने पुढे केल्या. मुदत उलटताच ऑगस्ट १९५६ मध्ये कार्यकारी अभियंत्यांनी करार रद्द केला. हिंद कन्स्ट्रक्शन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वादाचा अंतिम निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली दिला. विलंबासाठी दंडाची आणि कारणपरत्वे मुदतवाढीची तरतूद ज्या करारातच आहे, तेथे मुदत हा कराराचा प्राण होता असे म्हणता येत नाही. सबब करार तडकाफडकी रद्द करणे गैर, असा त्याचा आशय होता. बारा महिन्यांच्या कामाचा वाद निकाली निघण्यास तेवीस वर्षे लागली.

या निकालाचा बोध दोन्ही पक्षांनी घ्यावा असा आहे. भारतीय करार कायद्याच्या ५५ व्या कलमानुसार, उशिरा झालेले काम स्वीकारताना भरपाईचा हक्क राखल्याची सूचना त्याच वेळी द्यावी लागते. ७४ व्या कलमानुसार करारात लिहिलेला दंडाचा आकडा ही केवळ कमाल मर्यादा ठरते आणि त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई मिळते. मुकाट्याने मुदतवाढी देत जायचे आणि शेवटच्या देयकातून एकदम दंड कापायचा, ही पद्धत न्यायालयात टिकणे कठीण असते. उलट कंत्राटदारानेही अडचण उद्भवताच लेखी मुदतवाढ मागितली पाहिजे. दोन वर्षांनी आठवणीतून लिहिलेल्या तक्रारीला पुराव्याचे मोल नसते.

जागेचा प्रश्न याहून बिकट आहे. नीरा डाव्या कालव्याच्या अस्तरीकरणास शेतकऱ्यांनी विरोध केला, कारण कालव्याच्या पाझरावर परिसरातील विहिरी जगतात. पाण्याची गळती थांबविणे हे शासनाचे उद्दिष्ट. तीच गळती शेजारच्या विहिरीचे जीवन. कोणता पक्ष बरोबर हा वाद बाजूस ठेवला, तरी हा प्रश्न कार्यारंभ आदेशापूर्वी सुटावयास हवा, यात दुमत होऊ नये. करारावर सही दोघांची असते, पण काम अडविण्याचे सामर्थ्य तिसऱ्याच्या हाती असते. संत तुकाराम महाराजांची पालखी दर आषाढीस बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या वाटेने जाते, हे सर्वांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. या वाटेवरील रस्त्याच्या कामाची मुदत ठरविताना ते दिवस आधीच वगळले, तर पुढे मुदतवाढीचा अर्ज करण्याची वेळ येणार नाही.

भराव फुटतो तेव्हा तोंडी आदेशाने कामे सुरू होतात, आणि ती करावीच लागतात. परंतु राज्यघटनेच्या २९९ व्या अनुच्छेदाला शासनाचा करार विहित रीतीनेच झालेला हवा. तसा तो नसेल, तर कंत्राटदारास करार कायद्याच्या ७० व्या कलमाचा आधार घ्यावा लागतो: काम फुकट करण्याचा हेतू नव्हता आणि शासनाने त्याचा लाभ घेतला, हे त्याला सिद्ध करावे लागते. त्यापेक्षा तोंडी आदेश ठरावीक दिवसांत लेखी कायम करणे आणि भराव झाकला जाण्यापूर्वी उभयपक्षी मोजमाप घेऊन मोजमाप पुस्तकात नोंदविणे, हे कितीतरी स्वस्त पडते. मातीखाली गेलेल्या कामाचे मोजमाप पुढे कोणताही लवाद घेऊ शकत नाही.

या कागदांत कामगाराचे नाव मात्र सहसा कोठेच नसते. २० नोव्हेंबर २०१७ रोजी इंदापूर तालुक्यातील अकोले येथे नीरा-भीमा जोड बोगद्याच्या कामावरील कामगारांना खोल विवरातून वर आणले जात असता दुर्घटना होऊन आठ जणांचा मृत्यू झाला. अशा कामांवरील यंत्रांची तपासणी कोणी आणि केव्हा करावयाची, हे करारात मोजमापाइतक्याच काटेकोरपणे लिहिले जावे. काम पोटठेकेदाराकडे गेले, तरी सुरक्षिततेची आणि मजुरीची जबाबदारी त्याच्यामागोमाग खाली घसरता कामा नये.

सर्व सिद्धता होईपर्यंत थांबायचे तर कामे सुरूच होणार नाहीत आणि मार्चअखेर निधी परत जाईल, असा आक्षेप घेतला जाईल. तो निराधार नाही. तथापि अर्थशास्त्राचा साधा नियम असा की जोखीम ज्याला आवरता येते, त्यानेच ती पत्करावी. भूसंपादन आणि आवर्तन शासनाच्या हाती आहे. मनुष्यबळ आणि यंत्रे कंत्राटदाराच्या. शासनाची जोखीम कंत्राटदारावर लादली, तर विचारी कंत्राटदार तिची किंमत दरात धरतो आणि निविदा गमावतो. जो ती धरत नाही त्याला काम मिळते, आणि मग तो ती किंमत दाव्यातून किंवा सिमेंटमधून वसूल करू पाहतो.

लवादाचा मार्गही आता पूर्वीसारखा मोकळा राहिलेला नाही. जून २०२४ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने आपल्या खात्यांना लवादाचे कलम सरसकट न घालण्याचा आणि ते साधारणतः दहा कोटींखालील वादांपुरतेच ठेवण्याचा सल्ला दिला आहे. वाद सोडविण्यापेक्षा तो टाळणे आता अधिकच अगत्याचे झाले आहे. त्यासाठी नवा कायदा नको. जागा ताब्यात आल्याचा दाखला आणि कालवा बंद ठेवण्याचे वेळापत्रक निविदेस जोडल्यावाचून कार्यारंभ आदेश निघू नये, आणि ते वेळापत्रक मोडल्यास तितके दिवस मुदत आपोआप वाढावी, एवढा दंडक पाटबंधारे खात्याने स्वतःस घालून घेतला तरी पुष्कळ साधेल. पिंपळीच्या शेतकऱ्याला खटला कोण जिंकतो याच्याशी कर्तव्य नाही. पुढच्या पावसात भराव टिकावा, एवढीच त्याची अपेक्षा आहे.