चढासाठी दाते किती?

मुलगा गियरची सायकल मागू लागला, की आपण विचारतो, गियर किती? विचारावयाचे ते दात्यांविषयी. आपल्या साध्या सायकलीच्या पुढील चक्रास बहुधा ४४ व मागील फ्रीव्हीलला १८ दाते असतात. पायडलच्या एका फेऱ्यात ती सुमारे साडेपाच मीटर जाते. सपाटीवर हे ठीक. खंडाळ्याच्या किंवा उटीच्या चढावर मात्र त्याची किंमत गुडघे मोजतात. फ्रीव्हील २२ दात्यांचे बसविल्यास अंतर साडेचार मीटरांवर येते व चढ हलका होतो. फार तर साखळीस एखादी कडी जोडावी लागेल.

गियरच्या सायकलीत पुढे ३४ व मागे ३२ दाते मिळाले, तर एका फेऱ्यास जेमतेम सव्वादोन मीटर. घाटास हेच हवे. पुढे ५०, मागे ११ ही जोडी उतारासाठी, आणि तरुणांस नेमकी तीच प्रिय! फ्रान्सच्या महाशर्यतीत १९३७ साली डिरेलरला परवानगी मिळेपर्यंत स्पर्धक पायथ्याशी उतरून मागील चाक उलटे बसवीत. आपल्याला उतरावे लागत नाही. पण गियर बदलावा तो चढ लागण्यापूर्वीच, साखळीवर ताण येण्याआधी. दुकानात मागील सर्वांत मोठ्या चक्राचे दाते मात्र स्वतः मोजून घ्या.