पहिली पंगत की दुसरी?

जहाजाची सहल ही आता केवळ पुण्या-मुंबईच्या लोकांची गोष्ट राहिलेली नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईहून कॉर्डेलियाच्या जहाजाच्या सहली सुरू झाल्या. सिंगापूरच्या सहलींनाही दोन-तीन रात्रींचे जहाज पुष्कळदा जोडलेले असते. ऊस कारखान्याला गेला, मुलांना सुट्टी लागली, की बारामती-इंदापूरकडची काही कुटुंबे आजी-आजोबांसह अशा सहलीला निघू लागली आहेत. आनंदाची गोष्ट आहे. आमच्या कळंबशेजारच्या वालचंदनगरला ज्यांचे नाव आहे, त्या वालचंद हिराचंद यांनी साखरेइतकाच जहाजांचाही उद्योग केला. त्यांच्या सिंधिया कंपनीची 'लॉयल्टी' ही बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाली आणि तो दिवस आपल्या देशात सागरी दिन म्हणून पाळला जातो. तेव्हा उसाच्या या मुलखाला जहाज अगदीच परके नाही.

निघण्याआधी ही मंडळी दवाखान्यात येतात ती बोट लागू नये म्हणून गोळी मागायला. गोळी लिहून देताना मी एक प्रश्न विचारतो : रात्रीच्या जेवणाची पाळी कोणती घेतली आहे? हा प्रश्न डॉक्टरने का विचारावा, असे अनेकांना वाटते. त्याचे उत्तर म्हणून हा लेख.

मोठ्या जहाजावर हजार-दोन हजार माणसे असतात. सगळ्यांना एकाच वेळी बसवता येईल एवढे भोजनगृह नसते. म्हणून आपल्याकडे लग्नात उठवतात तशा तेथेही दोन पंगती करण्याची रीत आहे. पहिली सायंकाळी सहाच्या सुमारास आणि दुसरी साडेआठच्या आसपास. कोणती हवी हे बहुधा तिकीट काढतानाच सांगावे लागते. काही जहाजांवर केव्हाही येऊन जेवण्याची सोयही असते. आपली माणसे बहुतेक वेळा दुसरी पंगत निवडतात. 'सहाला कोण जेवतं?' हे त्याचे कारण. घरी नऊ-साडेनऊला जेवणाऱ्याला साडेआठ म्हणजे लवकरच वाटणार.

माझे मत विचाराल तर घरात लहान मूल, वयस्क माणूस, मधुमेही किंवा गरोदर बाई असेल तर पहिली पंगत घ्यावी. त्याची कारणे पाहू.

आपल्या शरीरालाही घड्याळ आहे. स्वादुपिंडातून निघणारे इन्सुलिन रक्तातील साखर पेशींपर्यंत पोहोचवते. सकाळी त्याचे काम जोरात चालते, संध्याकाळनंतर मंदावते. झोपेची वेळ जवळ आली की मेलाटोनिन नावाचा स्राव वाढतो आणि इन्सुलिन आणखी कमी सुटते. त्यामुळे तीच भाकरी, तीच आमटी रात्री उशिरा खाल्ली तर रक्तातील साखर जास्त चढते व उतरायला वेळ लागतो. २०२० साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात २० निरोगी स्वयंसेवकांवर याचा प्रयोग झाला. सर्वांनी रात्री ११ वाजता झोपायचे; जेवण मात्र एकदा सायंकाळी ६ ला आणि एकदा रात्री १० ला, पदार्थ तेच. उशिराच्या जेवणानंतर साखरेची कमाल पातळी सुमारे १८ टक्क्यांनी अधिक भरली आणि रात्रभरात चरबी जाळण्याचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांनी घटले. प्रयोग लहान आहे, पण त्यातील माणसे निरोगी होती हे लक्षात घ्यावे. ज्याला आधीच मधुमेह आहे त्याला याची झळ अधिक बसणार. आणि अशी माणसे थोडी नाहीत. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे.

दुसरे कारण पोटाचे. जेवण जठरातून पुढे सरकायला साधारण दोन ते चार तास लागतात, तुपातले-तळलेले असेल तर त्याहून जास्त. भरल्या पोटी आडवे झाले की आम्ल वर अन्ननलिकेत येते. मग छातीत जळजळ, आंबट पाणी, रात्री खोकल्याची उबळ. 'डॉक्टर, गॅस झालाय,' म्हणून येणाऱ्यांपैकी पुष्कळांना गोळीपेक्षा जेवणाची वेळ बदलण्याचा उपयोग होतो. झोप आणि जेवण यांत तीन तासांचे अंतर हवे. साडेआठच्या पंगतीत सूप, भात, मिठाई होईपर्यंत दहा वाजतात, आणि डोलणाऱ्या बोटीवर भरले पोट घेऊन झोपणे म्हणजे उलटीला आमंत्रण. अगदी रिकाम्या पोटीही बोट लागते. म्हणून लवकर आणि हलके जेवण त्या दृष्टीनेही बरे.

तिसरे कारण मुलांचे. चार-पाच वर्षांचे पोर साडेआठपर्यंत थांबत नाही. ते आधी बिस्किटे, चिप्स, आइस्क्रीम यांवर पोट भरते आणि पान समोर आले की पेंगते. दोष पोराचा नसतो, वेळ त्याची नसते.

यात एक पोटनियम आहे. सिंगापूरचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. तेथे सहा वाजतात तेव्हा कळंबला दुपारचे साडेतीन झालेले असतात. शरीराचे घड्याळ दिवसाला साधारण तासभरच सरकते. म्हणून दोन-तीन रात्रींच्या सिंगापूर सहलीत तिथली दुसरी पंगत, म्हणजे आपले सहा, हीच शरीराला सोयीची. दुबईचे घड्याळ उलट दीड तास मागे. तेथली साडेआठची पंगत म्हणजे आपले रात्रीचे दहा. तेथे पहिलीच घ्यावी. मुंबई-गोव्याला हा प्रश्नच नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी परदेशी निघण्यापूर्वी वेळांचा कागद आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावा.

आता सर्वांत महत्त्वाचे. ते जहाजापेक्षा आपल्या लग्नकार्यांत अधिक घडते. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन जेवणाच्या थोडे आधी घ्यायचे असते. आजोबा नियमाचे पक्के. सात वाजता घरून गोळी घेऊन निघतात. वरात लांबते, पहिली पंगत पाहुण्यांची, दुसरी मानाच्या मंडळींची, आणि आजोबांच्या पुढ्यात पान येते साडेनऊला. मधल्या वेळात साखर उतरते. घाम सुटतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते. लोक म्हणतात, उकाड्याने झाले. काही वेळा दारू प्यायल्याचाही संशय घेतात. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून ताबडतोब पाजावी. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावी आणि मग जेवू घालावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, तडक दवाखाना गाठावा. हे टळावे म्हणून गोळी खिशात ठेवावी, जेवणाची वेळ नक्की झाल्यावरच घ्यावी. आपली गोळी या प्रकारची आहे की नाही, हे डॉक्टरांना विचारून ठेवावे. यजमानांनाही विनंती, की मधुमेही आणि लहान मुले यांना मानपान न पाहता पहिल्या पंगतीला बसवावे. त्यात कुणाचा मान कमी होत नाही.

लवकर जेवणे ही काही परदेशातून आलेली टूम नव्हे. बारामती, इंदापूर, वालचंदनगरची कितीतरी जैन कुटुंबे सूर्यास्ताआधी जेवतात. विजेचे दिवे येण्यापूर्वी आपल्या खेड्यांत सगळेच दिवेलागणीच्या आसपास जेवून घेत. आता दिवा आहे, टीव्ही आहे, हातात मोबाईल आहे. मालिका संपल्याशिवाय ताट वाढले जात नाही.

अर्थात प्रत्येकाला सहाला जेवणे जमणार नाही, हे मी जाणतो. दुकान नऊला बंद होते. कारखान्याची चार ते बाराची पाळी असते. शेतीला रात्रीची लाइट आली की माणूस दारे धरायला जातो. अशांनी एक करावे. मुख्य जेवण कामावर जाण्यापूर्वी किंवा सोबत डबा नेऊन सात-आठपर्यंत उरकावे आणि परतल्यावर ताकभात किंवा कपभर दूध एवढ्यावर भागवावे. मध्यरात्री घरी येऊन मटणाचा रस्सा ओरपून आडवे होणे सोडावे. ज्यांना उशिराच जेवावे लागते त्यांनी संध्याकाळी पाच-सहाला मूठभर फुटाणे, एखादे फळ घ्यावे, रात्री गोड टाळावे. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालावे. आपली शतपावली साखर खाली आणते, हे आता शास्त्रही मान्य करते.

इथवर वेळेचे झाले. पण आपल्या घरांत आणखी एक पंगत असते आणि तिची नोंद कुठल्याच तिकिटावर नसते. ती म्हणजे शेवटची, बायकांची. आधी पुरुष, मग मुले, मग पाहुणे, मग सासूबाई आणि सगळे आवरल्यावर सून. तोवर साडेदहा होतात. आमटीचे पातेले तळाला गेलेले असते, पालेभाजी संपलेली असते, अंडे-मटण असेल तर रस्साच उरतो. उरलेली भाकरी, ठेचा आणि वर चहा, हे तिचे जेवण. चहाने तर अन्नातील लोह शोषण्यात अडथळा येतो.

२०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. आपल्या महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक स्त्रियांची हीच स्थिती आहे. पाळीतील रक्तस्राव, लागोपाठची बाळंतपणे, जंत अशी त्याची अनेक कारणे आहेत, पण उरलेसुरले खाणे हे त्यातले एक मोठे कारण आहे आणि ते आपल्या हातात आहे. 'दम लागतो, चक्कर येते, पाय ओढतात' म्हणत बाई दवाखान्यात येते. मी लोहाच्या गोळ्या लिहून देतो. मग विचारतो, जेवता कधी? उत्तर नेहमीचेच, 'सगळ्यांचं झाल्यावर.' गोळ्या संपतात, पंगत तीच राहते, आणि सहा महिन्यांनी बाई पुन्हा येते.

जहाजाच्या सहलीची मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच आहे. तेथे वाढणारा वेगळा असतो. घरची बाई नवऱ्याशेजारी, मुलांसोबत, पहिल्यापासून पानावर बसते आणि भाजी संपण्याआधी जेवते. हजारो रुपये मोजून चार दिवस मिळणारी ही गोष्ट घरी फुकट मिळू शकते.

त्यावर नेहमीचा आक्षेप येतो : सगळे एकदम बसले तर तव्यावरची गरम भाकरी कोण देणार? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर कुणाला तरी गैरसोयीचे वाटणार आहे. भाकऱ्या आधी करून फडक्यात गुंडाळून टोपल्यात किंवा डब्यात ठेवाव्यात. पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी ताटे घ्यावीत, पाणी ठेवावे, आमटी वाढावी. भाकरी थोडी निवते, पण अंगी तेवढीच लागते. तव्यावरच्या भाकरीचा हट्ट हा पुरुषांचा लाड आहे आणि त्याची किंमत चुलीपुढची बाई आपल्या रक्ताने भरते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला तर शेवटच्या पंगतीला ठेवणे म्हणजे पोटातल्या आणि मांडीवरच्या लेकराचे ताट ओढून घेणे.

म्हणून वाचकहो, जहाजाला जा अथवा जाऊ नका, या आठवड्यात घरातली जेवणाची वेळ ठरवा. साडेसात ही बहुतेक घरांना जमण्यासारखी आहे, जमेल तर त्याआधीची. ती ठरवताना घरातल्या कमावत्याची किंवा टीव्हीची सोय पाहण्याऐवजी सर्वांत लहान, सर्वांत म्हातारे आणि आजारी माणूस कोण, ते पाहा. ताटे मांडताना घरातल्या सगळ्या माणसांची मोजा, स्वयंपाक करणारीचेही त्यात धरा. ती बसल्याशिवाय कुणी पहिला घास घ्यायचा नाही, एवढा नियम घरातल्या कर्त्या पुरुषाने घालून द्यावा आणि स्वतः पाळावा. जेवणानंतर लिंबू पिळलेले पाणी चालेल, चहा मात्र तासभर नको.

महिन्याभराने आजोबांची साखर आणि सूनबाईंचे हिमोग्लोबिन तपासून घ्या. हिमोग्लोबिन कमी निघाले तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या सुरू करा आणि त्या संपल्या तरी पंगत मोडू नका.